एस्तेरताई आणि तळघरातला बॉयलर

परवा आमच्याकडे प्लंबर आला होता. न्हाणीघरातल्या गीझरच्या बाजूला जो छोटा वॉल्व्ह असतो, त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. त्याने वर बघितलं, बोट लावून चाचपलं आणि म्हणाला, "काकू, नवा कशाला आणता? एक बूच मारून टाकतो. आवाज नाही, गळती नाही."

मी एवढ्या जोरात "अजिबात नाही!" म्हणाले की आतल्या खोलीतून आमचे हे पेपर हातात घेऊनच बाहेर आले.

"काय झालं?"

"हा वॉल्व्हला बूच मारायचं म्हणतोय."

ह्यांनी प्लंबरकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "नवाच आण बाबा. आमच्या घरात एस्तेरताईंचा कायदा चालतो."

प्लंबरला काय कळणार! तो खांदे उडवून दुकानाकडे गेला. मी मात्र मोरीच्या उंबऱ्यावर तशीच बसून राहिले. एस्तेरताईंना शेवटचं बघितलं त्याला एक पिढी उलटून गेली, आणि त्या पाठीमागे उभ्या असल्यासारखी मी एका परक्या पोरावर ओरडले होते.

सौदी अरेबियात उत्तरेला हाइल नावाचं शहर आहे. लोकांना वाटतं सौदी म्हणजे बाराही महिने भट्टी. पण हाइलच्या थंडीत सकाळी नळ उघडावा तर पाण्याऐवजी नुसता खरखर आवाज यायचा. तिथल्या सरकारी इस्पितळात मी लॅब टेक्निशियन होते. आमचे हे जुबैलला एका कारखान्यात, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. मी राहायचे इस्पितळाच्या बायकांच्या क्वार्टर्समध्ये, आणि तिथे माझ्या शेजारच्या खोलीत होत्या सिस्टर एस्तेर साळवे.

त्या नगरकडच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. बुटक्या, रुंद, चष्म्याला काळी दोरी. बाहेर जाताना घालायचा काळा अबाया त्यांच्या उंचीला लांब व्हायचा म्हणून त्यांनी तो सरळ कात्रीने कापला होता, आणि टीप मारायला वेळ नाही म्हणून खाली दोरे लोंबत असायचे. घरच्यांबद्दल फारसं बोलत नसत. नवरा वारलेला, एक मुलगी श्रीरामपूरला दिलेली, एवढंच मला माहीत होतं. गावाहून येताना त्या बाजरीचं पीठ आणायच्या आणि ते संपत आलं की आठवडाभर कुणाशी धड बोलायच्या नाहीत.

इस्पितळात त्यांच्याकडे निर्जंतुकीकरणाचा विभाग होता. ऑपरेशनची हत्यारं, कापडं, सगळं वाफेच्या मोठ्या यंत्रात घालून काढायचं काम. तीस वर्षं वाफेच्या संगतीत गेलेली बाई. त्यामुळे तिला काही सवयी लागल्या होत्या. कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी त्या हाताची उलटी बाजू जवळ नेऊन बघायच्या, अगदी दुसऱ्याने दिलेला चहासुद्धा. कुठलाही काटा दिसला, मग तो वजनाचा असो की टॅक्सीच्या मीटरचा, की त्यावर नखाने टकटक करायच्या. "अडकून बसतात मेले," म्हणायच्या. आणि बंद झाकण त्यांना सहन व्हायचं नाही. माझ्या खोलीत आल्या की बोलता बोलता पातेल्यांची झाकणं उचलून बघायच्या. आत वरण आहे हे वासावरून कळत असलं तरी.

एकदा आमचे सर्जन घाईत होते. हत्यारं लवकर हवी होती आणि यंत्राची वेळ भरलेली नव्हती. ते स्वतः खाली आले. एस्तेरताईंनी स्टूल ओढलं, यंत्राच्या दाराला पाठ लावून बसल्या आणि पिशवीतून विणकाम काढलं.

"सिस्टर, उठता का?"

"उठते की. ह्याचं झालं की उठते."

सर्जन हसले आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या स्टुलावर बसले. एस्तेरताईंनी त्यांच्या हातात लोकरीचा गुंडा दिला, धरून बसायला. ते धरूनही बसले. त्या थंडीत त्यांना मिळालेली तपकिरी टोपी त्याच लोकरीची होती.

आता क्वार्टर्सबद्दल सांगायला हवं. ती इमारत कुण्या परदेशी कंपनीने आपल्या इंजिनिअर लोकांसाठी फार पूर्वी बांधलेली दुमजली हवेली होती. बांधणाऱ्यांनी आपल्या देशातल्या सवयीने तळघरात वाफेचा बॉयलर बसवला होता. डिझेलवर पाणी तापायचं, वाफ पाइपातून वर चढायची आणि प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये शिरायची. कंपनी गेली, इमारत इस्पितळाने भाड्याने घेतली, बॉयलर तसाच राहिला. तो सांभाळायला सालेह नावाचा येमेनी गडी होता. पायापर्यंत लुंगी, गालात कायम काहीतरी चघळत असलेला. बायकांच्या इमारतीत पुरुषाने यायचं म्हणजे फाटकावरचा राखणदार अबू नासेर आधी ओरडून वर्दी द्यायचा, आम्ही खोल्यांची दारं लावून घ्यायचो, मग सालेह मान खाली घालून थेट तळघरात उतरायचा.

कुवेत पडलं त्या वर्षीची ही गोष्ट. त्या शरदात येमेनी लोकांचे नियम एकदम बदलले. इतकी वर्षं त्यांना कफील, म्हणजे जामीन राहणारा सौदी मालक, लागत नसे. आता लागू लागला, नसेल तर देश सोडा. ट्रकवर गाद्या, शिलाई यंत्रं, कोंबड्यांची खुराडी लादून कुटुंबंच्या कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. सालेहही निघाला. जायच्या आधी एस्तेरताई तीन-चार दिवस ड्युटी संपली की त्याच्याबरोबर तळघरात उतरत होत्या आणि अबू नासेर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून पहारा देत होता. दोघांची समान भाषा म्हणजे आखातातली ती मोडकी अरबी. सालेह एकेका नळावर हात ठेवून सांगायचा आणि ताई तेच पुन्हा स्वतः करून दाखवायच्या. चुकलं की तो नुसता जिभेने 'च्' करायचा.

त्याच्याकडून त्या एक वाक्य शिकल्या आणि तेच मग आमच्या इमारतीचं ब्रीद झालं: "मोया माफी, नार माफी." मोया म्हणजे पाणी, नार म्हणजे आग, आणि माफी म्हणजे नाही. पाणी नाही तर आग नाही. बॉयलरमध्ये पाणी कमी झालं की आग लगेच विझली पाहिजे, नाहीतर कोरडं लोखंड तापून लाल होतं आणि त्यावर पाणी पडलं की संपलंच. एस्तेरताईंना ह्या शब्दाची भारी मौज वाटायची. "मंगल, आपल्यात माफी म्हणजे क्षमा. ह्यांच्यात माफी म्हणजे नाही. बॉयलरकडे ना, माफी माफी!"

निघताना सालेहने त्यांना आपला मोठा पाना दिला. त्यांनी त्याला विणलेला स्वेटर दिला, येमेनच्या उकाड्यात त्याचा काय उपयोग होणार होता देव जाणे. तो गेल्यावर त्या जिन्यावर थोडा वेळ बसून राहिल्या. म्हणाल्या, "आठ लेकरं आहेत त्याला. लढाई अजून कुठं सुरू पण नाही झाली, आणि ह्याचं घर उठलं."

इस्पितळाने नवा माणूस द्यायचं कबूल केलं, पण दिला नाही. बॉयलर एस्तेरताईंच्या गळ्यात पडला. खरं तर त्यांनीच तो गळ्यात घालून घेतला.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, त्या तळघरात उतरत. बादली घेऊन मी जायचे, कारण वाकून बादली उचलायला त्यांची कंबर साथ देत नसे. आधी काचेच्या उभ्या नळीत पाण्याची रेघ बघायची. मग खालचा एक नळ उघडून बादलीत गढूळ, तांबडं पाणी सोडायचं. त्या नळाच्या वर लोखंडी डबीत एक तरंगता गोळा होता. पाणी उतरलं की गोळा उतरायचा आणि बर्नर आपोआप बंद व्हायला हवा. तो धडधडता आवाज थांबेपर्यंत ताई श्वास रोखून उभ्या असत. थांबला की म्हणायच्या, "शाबास." बॉयलरला. मग सेफ्टी वॉल्व्हची दांडी पक्कडीने उचलून सोडायची. फुस्सकन वाफ निघायची, चष्मा धुरकटायचा, आणि त्या पदराने काच पुसत समाधानाने मान हलवायच्या.

हे सगळं उरकलं की त्या उलटी बादली घालून तिच्यावर बसत आणि गात. त्या देशात चर्च नव्हतं आणि त्यांची प्रार्थना उघड्यावर करायची सोय नव्हती. तळघरात बर्नरचा आवाज एवढा असायचा की वर काही ऐकू जात नसे. नगरकडच्या ख्रिस्ती देवळात म्हणतात ती मराठी भजनं, ओवीच्या चालीवरची. गळा जाड होता, पण सूर पक्का. मी हिंदू, मला त्यातलं फारसं कळायचं नाही. पण शुक्रवारी सकाळी त्या गरम, डिझेलच्या वासाच्या खोलीत बसून ते ऐकताना मला माझी आई जात्यावर गायची ते आठवायचं. आम्ही दोघी त्याबद्दल कधी काही बोललो नाही.

लढाई होणारच नाही असं एस्तेरताईंचं ठाम मत होतं. "एवढी मोठमोठी माणसं, बसून बोलतील आणि मिटवतील," असं त्या डिसेंबरभर सांगत होत्या. जानेवारीत विमानं उडाली. संध्याकाळी मला एवढंच म्हणाल्या, "मला माणसातलं काही कळत नाही बघ."

हाइलवर काही पडलं नाही. पण भीती सगळीकडे सारखीच पडली होती. विषारी वायू येणार म्हणून सगळ्यांनी खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावल्या. एका सकाळी नाश्त्याच्या वेळी इमारतीत धाडधाड असे दणके ऐकू आले. सगळ्याजणी किंचाळत जिन्याखाली घुसल्या. फिलिपिन्सची लिंडा तर डोक्यावर उशी धरून बसली. एस्तेरताई शांतपणे वर गेल्या, लिंडाच्या खोलीत शिरल्या आणि परत आल्या. दणके थांबले होते. "बॉम्ब नाही. रेडिएटरचा नळ हिने अर्धाच उघडला होता. आत पाणी साचतं आणि वाफ त्याला लाथा घालते. नळ एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद करा गं बायांनो." लिंडाने हसत हसत रडायला सुरुवात केली.

त्याच दिवशी त्यांना आढळलं की कुणीतरी उत्साहाच्या भरात तळघराचा हवेचा झरोकाही प्लास्टिकने बंद केला आहे. त्यांनी ते प्लास्टिक टराटरा फाडलं. "बाहेरचा वायू येईल तेव्हा येईल. हा झरोका बंद ठेवलात तर बॉयलरचा, घरचाच वायू आधी मारील."

माझं चित्त जुबैलमध्ये होतं. तिकडे क्षेपणास्त्रं पडत होती आणि ह्यांचा फोन आठवड्यातून एकदा आला तर यायचा. एकदा तो आलाच नाही. एस्तेरताईंनी माझं सांत्वन केलं नाही. माझ्या हातात गंज काढायचा ब्रश दिला आणि तळघरातला पाइप दाखवला. घासून घासून माझे दंड भरून आले. दुपारी अबू नासेर फाटकावरून ओरडला, "मंगल! तेलिफून! जुबैल!" तेव्हा मी काळ्या हातांनीच धावत सुटले. मागून ताई ओरडत होत्या, "हात धू आधी!" आणि त्याच दमात, "जाऊ दे, जाऊ दे, पळ!"

ह्यांनीच मग रुक्सानाला आमच्याकडे पाठवलं. त्यांच्या कारखान्यातल्या सहकाऱ्याची बायको, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावची, तान्हं पोर घेऊन. जुबैलमध्ये भोंगे वाजायचे आणि पोराला झटके यायचे इतकं ते घाबरलं होतं. इस्पितळाच्या परवानगीने ती माझ्या खोलीत राहिली. गोरी, भित्री, सतत हाताने ओढणी सावरणारी. पोराला खोकला होता, म्हणून खोली उबदार लागायची. एस्तेरताईंनी आग थोडी वाढवली.

आणि तेव्हापासून सेफ्टी वॉल्व्ह वाजू लागला. अधूनमधून तळघरातून शिट्टीसारखा लांब फुत्कार यायचा आणि पाइपातून तो थेट माझ्या खोलीत ऐकू यायचा. रुक्सानाचं पोर दचकून उठायचं आणि काळंनिळं होईपर्यंत रडायचं. तिला तो भोंगा वाटायचा, पोरालाही वाटत असावा. ताई रोज जाऊन बघायच्या. दाबाचा काटा खाली, अगदी सभ्यपणे. नखाने टकटक केली तरी खालीच. "वॉल्व्ह म्हातारा झालाय," त्या म्हणाल्या. "दाब नसताना उगाच कुरकुरतो. नवा मागवते." इस्पितळाच्या कचेरीत त्यांनी सांगितलं. तिथला मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, म्हणाला, इन्शाल्ला.

मग एके दिवशी शिट्टी बंद झाली. पोर दुपारभर झोपलं. रुक्सानाच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

एस्तेरताई ड्युटीवरून आल्या, जिन्यातच थांबल्या आणि कान दिला. "वाजत नाही?"

"नाही. सकाळपासून शांत आहे."

त्या अबाया न काढताच तळघरात गेल्या. मी मागून उतरले. वॉल्व्हच्या तोंडात कुणीतरी लोखंडी बूच पिळून बसवलं होतं, चांगलं पान्याने आवळून. ताईंनी एका क्षणात बर्नरचा खटका पाडला. मग भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"वर चल," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना मागच्या अंगणात घे. पोरासकट. हे थंड होईपर्यंत आत कुणी यायचं नाही."

अंगणात बोचरं वारं होतं. आम्ही ब्लँकेटं गुंडाळून गावाबाहेरच्या अजा डोंगराकडे तोंड करून उभ्या राहिलो. एस्तेरताई फाटकावर गेल्या आणि अबू नासेरवर तुटून पडल्या. ती अरबी कुणी कुठल्या शाळेत शिकवत नसेल. तो म्हातारा नुसता हात जोडून "या सिस्तर, या सिस्तर" करत राहिला. त्याने काही सांगितलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा त्या तळघरात जाऊन आल्या आणि आम्हाला आत घेतलं. पण आग पेटवायची नाही असं जाहीर केलं. नवा वॉल्व्ह येईपर्यंत नाही.

"तोवर काय करायचं?" सगळ्यांनी एकदमच विचारलं.

"थंडीत राहायचं."

इमारत उलटली त्यांच्यावर. इजिप्शियन नर्सेसनी मुदीरकडे तक्रार केली. लिंडासुद्धा बोलेना. बूच काढून आग पेटवा, एवढंच तर करायचं होतं, आवाज काय, आम्ही सोसू. पण ताईंचं म्हणणं वेगळं होतं. बूच त्यांनी काढलंच होतं, पण आवळताना आतली बैठक, झडप टेकते ती जागा, चेपली होती. तो वॉल्व्ह आता उघडेल की नाही ह्याची खात्री त्या देऊ शकत नव्हत्या. "ज्याची खात्री नाही त्याच्यावर मी एवढ्या बायकांना झोपवणार नाही," म्हणाल्या.

खोल्या दगडासारख्या गार झाल्या. एक छोटा विजेचा हीटर होता, त्याच्याभोवती सगळ्या एका खोलीत गोळा झालो. रुक्सानाचं पोर खोकायला लागलं. दुसऱ्या सकाळी एस्तेरताई ड्युटीला निघाल्या तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. एवढीशी बाई, पण आवाज खणखणीत निघाला.

"तुम्हांला तुमचा बॉयलर मोठा की माझा पोर मोठा?"

"तुझा पोर मोठा," ताई म्हणाल्या. "म्हणून तर बंद केलाय."

रुक्साना त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकदम रडू लागली. "मीच सांगितलं फाटकावरच्या चाचाला. त्याची काय चूक नाय. मी त्याच्या पाया पडले. म्हटलं, पोर मरेल माझं, एवढा आवाज बंद करा. त्याने पाना आणला. मला काय ठाव होतं, बाय?"

मला वाटलं, आता ह्या तिला फाडून खाणार. ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुला कसं ठाऊक असणार," म्हणाल्या. "मी कुणाला सांगितलंच नाही तो कशाला वाजतो ते. नुसता हुकूम करत सुटले." आणि निघून गेल्या.

दुपारी त्या परतल्या त्या हातात मोठं गाठोडं घेऊन. इस्पितळाच्या यंत्रातून नुकतीच काढलेली कापडं, आणि सलाइनच्या काचेच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून. पोराला त्यांनी आपल्या पलंगावर घेतलं, दोन्ही बाजूंना बाटल्या ठेवल्या, हाताची उलटी बाजू लावून प्रत्येक बाटली तपासली. रोज दुपारी आणि संध्याकाळी त्या असं गाठोडं घेऊन यायच्या. सर्जननी बालरोगतज्ज्ञ पाठवले. पोर तरलं.

मुदीरच्या कचेरीबाहेर एस्तेरताई विणकाम घेऊन बसल्या. तो आत जाताना दिसायच्या, बाहेर येताना दिसायच्या. इन्शाल्ला म्हणायची सोयच उरली नाही. शेवटी नवा वॉल्व्ह आला आणि तो बसवायला इस्पितळाच्या बॉयलर हाऊसमधला एक पाकिस्तानी मिस्त्री आला. त्याने वॉल्व्ह बदलला आणि जाता जाता सहज, दाबाच्या काट्याखालची वाकडी, गोल वळलेली नळी खोलली. ती आतून काळ्या चिखलाने गच्च भरलेली होती.

"बहनजी," तो म्हणाला, "ये काँटा तो अंधा था."

त्याच नळीतून काट्यालाही दाब कळायचा आणि दाब वाढला की आग बंद करणाऱ्या खटक्यालाही. नळीच बुजलेली, म्हणजे दोघांनाही काही कळत नव्हतं. काटा खाली होता, आग जळत होती, दाब चढत होता. म्हातारा वॉल्व्ह उगाच कुरकुरत नव्हता. सबंध बॉयलरमध्ये शुद्धीवर असलेला तोच एक होता, आणि त्याच्याच तोंडात बूच मारलं गेलं होतं.

एस्तेरताई उलट्या बादलीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मंगल, मी रोज त्याला ऐकत होते गं. म्हातारा म्हणून हसत होते. तो का ओरडतोय हे नाही बघितलं." मिस्त्री म्हणाला, नळी कुणी बघतं थोडंच, बहनजी, लोक विसरतातच. त्यांनी मान हलवली. "मी लोक नाही. माझं कामच ते आहे."

संध्याकाळी रेडिएटर कुजबुजू लागले. एकेक लोखंडी पाकळी तापत गेली. लिंडाने रेडिएटरला मिठी मारली. ताईंनी मात्र सगळ्यांना, अगदी रुक्सानालाही, एकेक करून तळघरात नेलं आणि वॉल्व्हची दांडी उचलून आवाज ऐकवला. "हा वाजला तर घाबरायचं नाही. मला बोलवायचं. मी नसले तर हा खटका पाडायचा." रुक्साना पोराला कडेवर घेऊन आली होती. फुस्स झाल्यावर पोर दचकलं आणि मग हसलं. दुसऱ्यांदा करा म्हणून हात पुढे करू लागलं.

अबू नासेरची माफी त्यांनी कशी मागितली ते मी खिडकीतून पाहिलं. संपत आलेल्या बाजरीच्या पिठाच्या शेवटच्या भाकऱ्या, त्यावर लोणी, वर कापड झाकून त्या फाटकापर्यंत गेल्या. ताटली त्याच्या खुर्चीवर ठेवली आणि कापड उचललं. त्याने एक तुकडा मोडला, चावला, तोंड वेडंवाकडं केलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "तय्यिब. फार छान." हे दोन मराठी शब्द त्याला कुणी शिकवले होते कुणास ठाऊक. ताई खळखळून हसल्या. लढाई सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

थंडी ओसरायच्या आत लढाई संपली. रुक्साना जुबैलला परतली. पुढे वसंतात माझीही तिकडच्या एका दवाखान्यात सोय झाली. इतक्या वर्षांनी नवरा-बायको एका घरात राहणार होतो, आणि तरी सामान बांधताना माझे हात चालत नव्हते. एस्तेरताईंनी दोन वेळा ट्रंकेचं झाकण उघडून आत काय आहे ते बघितलं आणि दोन्ही वेळा बंद केलं.

बस स्टँडवर त्या आल्या होत्या. अबू नासेरने टॅक्सी करून दिली होती. फार बोलणं झालं नाही. नव्या घरात स्वयंपाकघराला खिडकी आहे का, एवढं विचारलं. मी आहे म्हणाले. "बरं मग," म्हणाल्या. बस सुरू झाली तेव्हा त्या वळून रस्त्याकडे चालू लागल्या होत्या. निरोप लांबवायची त्यांना सवयच नव्हती.

हाइलच्या बाहेर गव्हाची मोठमोठी शेतं आहेत आणि तो कापणीचा हंगाम होता. रस्त्यावरून गव्हाने भरलेले ट्रक एकामागून एक धावत होते. रस्ता ओलांडणाऱ्यासाठी कुणी ट्रक थांबवत नसे. एस्तेरताई कडेला क्षणभर उभ्या राहिल्या, मग हाताचा पंजा वर करून सरळ रस्त्यात उतरल्या. काळा, बुटका, रुंद आकार, खाली लोंबणारे दोरे. समोरचा प्रचंड ट्रक करकरत, धूळ उडवत, गव्हाचे दाणे सांडत थांबला. ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायला गेला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं, कारण त्या बाई रस्त्याच्या बरोबर मधोमध थांबून, त्याच्याकडे न बघता, आमच्या बसकडे बघत होत्या. मी काचेला तळहात लावला. त्यांना दिसला की नाही, कळलं नाही. मग त्यांनी चष्मा वर सारला, आणि मुळीच घाई न करता पलीकडे गेल्या.